जोडीदार हुडकणारी प्रथिनं: रेक-ए, लॅम्डा रेड आणि कोळंबीच्या तलावाकाठची चाचणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यातली एक एम.एस्सी.ची विद्यार्थिनी लिहिते: "आमच्या पुस्तकात रेक-ए आणि जिवाणूंमधल्या रिकॉम्बिनेशनवर जेमतेम दोन पानं आहेत, तीही डीएनएच्या दुरुस्तीबद्दल. ही प्रथिनं पेशीबाहेर काढून हत्यारांसारखी वापरतात असं ऐकलं. ते कसं? साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यातलं काय जमेल? माझ्या काकांचे खाडीलगत कोळंबीचे तलाव आहेत. दोन वर्षांपूर्वी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने अख्खं पीक गेलं. तिथे याचा काही उपयोग होईल का?"

तुझ्या तीन प्रश्नांतला शेवटचा मला सगळ्यात जवळचा वाटला. पण त्याचं उत्तर पहिल्या प्रश्नातून गेल्याशिवाय कळणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

डीएनए कापणारी एन्झाइम शेकड्यांनी आहेत. जोडायला लायगेज आहे, नक्कल काढायला पॉलिमरेज आहे. रिकॉम्बिनेशन म्हणजे डीएनएच्या जुळत्या तुकड्यांची आपसातली अदलाबदल. ती घडवणाऱ्या प्रथिनांचं मुख्य काम यातलं कुठलंच नाही. त्यांचं काम आहे शोधण्याचं: डीएनएच्या लाखो अक्षरांच्या (म्हणजे बेसच्या) गर्दीतून आपल्याशी जुळणारा नेमका तुकडा हुडकायचा आणि त्याच्याशी जोडी जमवायची. हे एकदा मनात पक्कं बसलं की त्यांच्यापासून बनलेली सगळी तंत्रं आपोआप उलगडतात. मी पंचवीस वर्षं या कामात आहे आणि नव्या मुलांची सगळ्यात मोठी गल्लत इथेच होताना बघते. 'रिकॉम्बिनेशन' म्हटलं की ती कात्री आणि गोंद शोधायला लागतात.

हर्णैच्या बंदरात जाळी दुरुस्त करणारी माणसं तू पाहिली असशील. फाटलेला भाग मांडीवर घेतात, शेजारचा धड भाग बाजूला पसरतात, आस, म्हणजे जाळीच्या भोकाचं माप, मोजतात आणि कुठल्या गाठीसमोर कुठली गाठ यायला हवी ते आधी बोटांनी चाचपून ठरवतात. सुई नंतर चालते. त्या कामातला खरा वेळ आणि खरं कसब चाचपण्यात जातं. जिवाणूंमधलं रिकॉम्बिनेशनचं मुख्य प्रथिन रेक-ए, म्हणजे ती चाचपणारी बोटं.

रेक-ए नसलेले ई. कोलाय जिवाणू १९६५ मध्ये ए. जे. क्लार्क आणि अ‍ॅन डी मार्गुलिस यांनी शोधून काढले. या जिवाणूंना रिकॉम्बिनेशन जमत नव्हतं, आणि अतिनील किरणांचा थोडासा मारा झाला तरी ते मरत होते. पुढे त्या प्रथिनाची रीत कळली ती अशी. रेक-ए एकपदरी डीएनएवर ओळीने बसतं, दर तीन अक्षरांमागे एक रेणू. साधारण सहा रेणूंमध्ये मळसूत्राचा एक वेढा पूर्ण होतो. बसताना ते धागा ताणतं, नेहमीच्या लांबीच्या जवळजवळ दीडपट. हा ताणलेला, प्रथिनाने मढवलेला धागा मग दुपदरी डीएनएला चिकटून बघतो, जुळत नसेल तर सोडतो, पुढे सरकतो, पुन्हा बघतो. ई. कोलायच्या जीनोममध्ये, म्हणजे पेशीच्या संपूर्ण डीएनएत, सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या आहेत. त्यातून योग्य जागा तो हुडकतो, तिथला जुना जोडीदार बाजूला सारतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. या सगळ्याला इंधन एटीपीचं. प्रयोगशाळेत कधी कधी एटीपीऐवजी त्याचं सहजी न तुटणारं भावंड, एटीपी-गॅमा-एस, घालतात. मग रेक-ए धाग्यावर बसतं ते बसतंच, लवकर उठत नाही. ही बारीक गोष्ट वाटते, पण परीक्षानळीतली बरीच तंत्रं तिच्यावरच उभी आहेत.

त्यातलं एक मला फार आवडतं, म्हणून जरा थांबून सांगते. ईको-आर-वन हे एन्झाइम सहा अक्षरांची खूण दिसली की कापतं. सहा अक्षरांची खूण सरासरी चार हजार अक्षरांमागे एकदा येते, त्यामुळे माणसाच्या डीएनएचे त्याने लाखो तुकडे होतात. मग हव्या त्या एकाच ठिकाणी कसं कापायचं? १९९१ मध्ये फेरिन आणि कॅमेरिनी-ओटेरो यांनी रेक-ए वापरून वाट काढली. ज्या खुणेवर कापायचं, तिच्याशी जुळणारा छोटा एकपदरी तुकडा घ्यायचा आणि त्याला रेक-एने मढवायचं. तो त्या जागी जाऊन बसतो आणि ती खूण झाकली जाते. मग मिथिलेज सोडायचं, म्हणजे उरलेल्या सगळ्या खुणांवर मिथाइलचा शिक्का बसतो आणि त्या कायमच्या निकामी होतात. त्यानंतर रेक-ए काढून टाकायचं. झाकलेली खूण तेवढी कोरी राहिलेली असते. आता ईको-आर-वन घातलं की ते फक्त तिथेच कापतं. इथे रेक-ए स्वतः काहीच कापत नाही, फक्त योग्य जागेवर हात ठेवून उभं राहतं. आज लांब डीएनए वाचायची इतर साधनं आली आहेत, त्यामुळे ही पद्धत फारशी कोणी करत नाही. पण एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मी मुलांना हीच विचारते. ज्याला ती समजली त्याला रेक-ए समजलं.

रेक-एचे नळीतले बाकीचे उपयोग पटकन सांगते. १९८६ मध्ये बायोटिन (पकडायला सोपा असा छोटा रेणू) लावलेल्या तुकड्याला रेक-एने मढवून, प्लास्मिडच्या (जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएच्या) मिश्रणातून हवं ते प्लास्मिड गळाला लावल्यासारखं ओढून काढण्याची पद्धत आली. २००७ मध्ये ली आणि एलेज यांनी लायगेजशिवाय तुकडे जोडण्याची रीत मांडली. डीएनए कमी असताना त्यात थोडं रेक-ए घातल्याने काम सुधारतं. गरम पाण्याच्या झऱ्यातल्या थर्मस जिवाणूचं उष्णता सोसणारं रेक-ए पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या नळीत असंख्य नकला काढण्याच्या क्रियेत, घातलं की भलतेच तुकडे वाढण्याचं प्रमाण घटतं, असंही दाखवलं गेलं आहे.

आता पेशीच्या आतलं काम. इथे रेक-ए मागे पडतं आणि फेज, म्हणजे जिवाणूंवर जगणारे विषाणू, पुढे येतात.

ई. कोलायच्या पेशीत सरळ, दोन्ही टोकं उघडी असलेला डीएनए सोडला तर तो टिकत नाही. रेक-बीसीडी नावाचं प्रथिनांचं त्रिकूट उघडं टोक दिसताच तिथे चढतं आणि सेकंदाला हजारभर अक्षरांच्या वेगाने तो खात सुटतं. 'काय' (ग्रीक अक्षर χ) या नावाची आठ अक्षरांची खूण लागली की त्याचं वागणं बदलतं आणि ते रेक-एला बसायला एकपदरी जागा करून देतं. पण तुझ्या पीसीआरच्या तुकड्यात ती खूण असण्याची शक्यता कमी. तू कष्टाने बनवलेला तुकडा पेशीच्या दृष्टीने घुसखोर विषाणू असतो.

लॅम्डा फेजला हीच अडचण होती आणि त्याने ती सोडवून ठेवली आहे. त्याची तीन प्रथिनं आहेत. गॅम हे रेक-बीसीडीचा हात धरून ठेवतं. एक्सो दुपदरी तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक पदर खाऊन एकपदरी शेपट्या मोकळ्या करतं. बीटा त्या शेपट्यांवर बसतं आणि जीनोमची नक्कल निघत असताना, तिथे क्षणभर उघड्या पडलेल्या जुळत्या भागाशी त्यांची गाठ घालून देतं. या तिघांना मिळून लॅम्डा रेड म्हणतात. १९९८ मध्ये केनन मर्फी यांनी रेडचा असा वापर दाखवला. त्याच वर्षी फ्रान्सिस स्ट्युअर्ट यांच्या गटाने रॅक या, ई. कोलायच्या जीनोममध्ये दडून राहिलेल्या फेजच्या रेक-ई आणि रेक-टी या भावंडांचा वापर दाखवला. २००० मध्ये डॅट्सेंको आणि वॉनर यांनी त्याला इतकं सुटसुटीत रूप दिलं की जगभरच्या प्रयोगशाळांनी ते उचललं.

सुटसुटीत म्हणजे काय, तर जीनोममधलं जे जनुक काढायचं त्याच्या दोन्ही बाजूंची ३६ ते ५० अक्षरं घ्यायची आणि ती प्रायमरच्या (नक्कल जिथून सुरू होते त्या छोट्या डीएनए-तुकड्याच्या) शेपटीला जोडायची. त्या प्रायमरने अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक पीसीआरने वाढवायचं. तो तुकडा, रेड प्रथिनं तयार असलेल्या पेशीत विजेच्या झटक्याने ढकलायचा. बस. कापायच्या खुणा शोधत बसायला नको, मधलं क्लोनिंग नको. जपानमधल्या कामातून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला केओ संग्रह याच पद्धतीने उभा राहिला: ई. कोलायची ३,९८५ जनुकं एकेक करून काढलेले जिवाणू. चाळीस-पन्नास अक्षरांच्या जुळणीवर हे होतं, यात मला आजही नवल वाटतं. रेक-एच्या नैसर्गिक वाटेला याहून बरीच लांब जुळणी लागते.

आता तुझा दुसरा प्रश्न: कॉलेजमध्ये जमेल का? इलेक्ट्रोपोरेटर (तो विजेचा झटका देणारं यंत्र), बर्फ आणि पीसीआर यंत्र असेल तर जमेल. पण कोकणात एक वेगळी अडचण आहे आणि ती कुठल्याच कृतिपत्रिकेत लिहिलेली नसते. मी स्वतः तिच्यात तीन आठवडे घालवले आहेत.

रेड प्रथिनांची जनुकं ज्या प्लास्मिडवर असतात ते पीकेडी-४६ तापमानाला हळवं आहे. ३० अंशांवर ते नीट वाढतं, त्याच्या वर गेलं की पेशी ते गमावू लागतात, ३७ वर तर झपाट्याने. मुद्दामच तसं केलं आहे, म्हणजे काम झालं की ते सहज हाकलता येतं. रत्नागिरीत एका मे महिन्यात मी हे काम करत होते. शेकर ३० वर लावलेला, पडद्यावर आकडाही ३० चाच. पण त्या शेकरला फक्त तापवता येत होतं, थंड करता येत नव्हतं. खोलीतच ३४ अंश होते, म्हणजे आतही ३४ च्या खाली काही जात नव्हतं. रात्रभर वाढवलेला कल्चर सकाळी छान गढूळ दिसायचा, मी पुढचं सगळं करायची, आणि प्लेटवर एकही वसाहत नाही. प्रायमर बदलले, डीएनए बदलला, रेड प्रथिनं चालू करणारी साखर, अ‍ॅराबिनोज, नवी आणली. शेवटी एका सकाळी त्या गढूळ कल्चरमधून पेशी घेऊन साध्या प्लेटवर पसरल्या आणि तिथल्या शंभर वसाहती टूथपिकने अँपिसिलिनच्या प्लेटवर टेकवल्या. शंभरातल्या मोजून अकरा वाढल्या. बाकीच्या पेशींनी प्लास्मिड कधीच टाकून दिलं होतं. सुरुवातीच्या प्लास्मिडवाल्या पेशींनी अँपिसिलिन तोडून टाकलं होतं, त्यामुळे प्लास्मिड नसलेल्याही त्या बाटलीत सुखाने वाढत होत्या. म्हणून गढूळपणा बघून काहीच कळत नव्हतं.

उपाय साधा निघाला. पाण्याच्या चाचणीसाठी बहुतेक कॉलेजांत बीओडी इन्क्युबेटर असतो, आणि त्याला थंड करायची सोय असते. लहानसा शेकर त्याच्या आत ठेवला आणि ३० खरोखर ३० झाले. तुझ्याकडे शेकर आत मावत नसेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीत कर. यंत्राच्या पडद्यावर विसंबू नकोस, पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून बघ.

बाकी चुका नेहमीच्या आहेत. पेशी धुताना मीठ राहिलं तर इलेक्ट्रोपोरेटरमध्ये टक्क असा आवाज होतो आणि नमुना गेला असं समजायचं. थंडगार १० टक्के ग्लिसरॉलने तीनदा धू, पेशी सारख्या बर्फातच ठेव. पीसीआरचा तुकडा डीपीएन-वन या एन्झाइमने पचव, म्हणजे साच्याचं प्लास्मिड उरणार नाही. आणि वसाहत आली म्हणून आनंद मानू नकोस. जोडणीच्या बाहेरच्या बाजूला बसणारे प्रायमर वापरून पीसीआर करून बघ, कारण अँटिबायोटिकचं जनुक भलत्याच जागी बसलेलंही असू शकतं. रेड प्रथिनं गरजेपुरतीच चालू ठेव. जास्त वेळ चालू राहिली तर जीनोममध्ये नको ते बदल साचतात.

दुपदरी तुकड्याऐवजी ७०-९० अक्षरांचा एकपदरी ऑलिगो (कृत्रिमरीत्या बनवलेला छोटा डीएनए) वापरायचा असेल तर एक्सो आणि गॅम नसले तरी चालतं, एकटं बीटा पुरतं. डीएनएची नक्कल निघताना मागून तुकड्यातुकड्यांनी बनणारा जो पदर असतो, त्याच्या बाजूने ऑलिगो आखला तर यश कितीतरी वाढतं. जॉर्ज चर्च यांच्या गटाने २००९ मध्ये हेच चक्र यंत्राने पुन्हा पुन्हा फिरवून एका वेळी अनेक जनुकांत बदल करून दाखवले.

'आता क्रिस्पर आहे, मग हे कशाला?' असंही तुला कोणीतरी विचारेल. क्रिस्परमधलं कॅस-९ हे प्रथिन डीएनए कापतं. कापल्यावर ई. कोलायची पेशी बहुधा मरते. हवा तो बदल आत बसवायला रेडच लागतं, आणि कॅस-९ बदल न झालेल्या पेशी मारून चाळणीचं काम करतं. दोन्ही एकत्र वापरतात.

अजून एक गोष्ट, कारण विद्यार्थी हमखास गोंधळतात. रेक-ए इतकं उपयोगी, मग क्लोनिंगसाठी रोज वापरतात त्या डीएच-५-अल्फा या ई. कोलायच्या वाणामध्ये ते मुद्दाम निकामी का केलेलं असतं? कारण तिथे आपल्याला शोधाशोध नकोच असते. आत घातलेल्या प्लास्मिडमध्ये सारखे भाग असतील तर रेक-ए त्यांची आपसात जुळवाजुळव करून तुकडा उडवून लावेल. तिथे प्लास्मिड जसंच्या तसं सांभाळणारा जिवाणू हवा असतो.

हे तुला डोळ्यांनी बघता येईल, आणि जवळजवळ काही खर्च नाही. एका प्लेटच्या एका अर्ध्या भागात साध्या के-१२ वाणाच्या, रेक-ए शाबूत असलेल्या ई. कोलायच्या रेघा ओढ, दुसऱ्या भागात डीएच-५-अल्फाच्या. रेघांना आडवा असा जाड पुठ्ठा धर, म्हणजे प्रत्येक रेघेचा निम्मा भाग झाकला जाईल. झाकण काढून लॅमिनार हूडच्या यूव्ही दिव्याखाली एका प्लेटला ५ सेकंद, दुसरीला १०, तिसरीला २० दे. दिवा चालू असताना काचेचा पडदा खाली हवा, हात बाहेर, डोळ्यांना चष्मा. लगेच अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ३७ अंशांवर ठेव. उजेड लागला तर पेशी दुसऱ्या एका एन्झाइमने यूव्हीची जखम दुरुस्त करतात आणि तुझा प्रयोग फसतो. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याखालची बाजू दोन्हीकडे सारखी भरलेली दिसेल. उघड्या बाजूला मात्र के-१२ उभं असेल आणि डीएच-५-अल्फाची रेघ पुठ्ठ्याच्या कडेशी तोडल्यासारखी थांबलेली असेल. १९६५ चं ते निरीक्षण तुझ्या हातातल्या प्लेटवर.

बदललेले जिवाणू मोरीत ओतायचे नाहीत. सगळं ऑटोक्लेव्ह करून मगच टाकायचं, आणि जनुकं बदलण्याचं काम सुरू करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्यायची. केंद्र सरकारचे १९८९ चे नियम त्यासाठीच आहेत. आपल्याकडे सांडपाणी किती झटकन वहाळातून खाडीत जातं ते तुला माहीत आहे.

आता काकांच्या तलावांकडे येते.

पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू दुपदरी डीएनएचा आहे, जीनोम जवळजवळ तीन लाख अक्षरजोड्यांचा. एकदा मर सुरू झाली की आठ-दहा दिवसांत तलाव रिकामा होतो. पहिल्या पावसाने पाणी एकदम गार झालं, क्षारता उतरली की लपलेला रोग वर येतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक कोळंबीवाल्याने पाहिलेलं आहे. औषध नाही. म्हणून चाचणीचा खरा उपयोग मर लागल्यावर नसून बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, तलावात सोडण्याआधी आहे. बीज बहुतेक वेळा पूर्व किनाऱ्यावरच्या हॅचरीतून येतं. पिशव्या पोचल्या की माणसं घाईत असतात, कारण पिशवीतला ऑक्सिजन संपत असतो. पीसीआरसाठी नमुना शहरात पाठवून निकालाची वाट बघायला तेवढा वेळ नसतो.

इथे रिकॉम्बिनेशनची प्रथिनं फार सुंदर काम करतात. पीसीआरमध्ये ९४-९५ अंशांपर्यंत तापवून दोन पदर वेगळे करतात, मगच प्रायमर बसतो. त्यासाठीच ते महागडं यंत्र लागतं. पण पेशी तर डीएनए उकळत नाही! तिच्याकडे पदर सारून आत शिरणारं प्रथिन आहे. मग प्रायमरलाच त्या प्रथिनाने मढवलं तर? पायपेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच मांडलं. या पद्धतीला आरपीए म्हणतात, रिकॉम्बिनेज पॉलिमरेज अ‍ॅम्प्लिफिकेशन. त्यात ई. कोलायचं रेक-ए नसतं, टी-४ फेजमधलं त्याचं भावंड यूव्हीएस-एक्स असतं. ते प्रायमरवर बसतं आणि दुपदरी डीएनएमध्ये जागा शोधतं. जीपी-३२ हे एकपदरी डीएनएला चिकटणारं प्रथिन बाजूला सारलेला पदर धरून ठेवतं, म्हणजे तो पुन्हा मिटत नाही. पण जीपी-३२ प्रायमरवरही हक्क सांगतं, म्हणून यूव्हीएस-एक्सची बाजू सांभाळायला यूव्हीएस-वाय हे मदतनीस प्रथिन लागतं. मग पदर ढकलत पुढे जाणारं पॉलिमरेज नक्कल काढतं. सगळं ३७ ते ४२ अंशांत, वीस मिनिटांत. तापमान इतकं सौम्य की नळी काखेत धरूनही ही क्रिया चालते, असं २०१४ मध्ये दाखवलं गेलं. कोळंबीच्या या विषाणूसाठी आरपीए चाचण्या तयार झालेल्या आहेत, त्यामुळे तुला शून्यापासून सुरुवात करायची नाही.

तरी काही गोष्टी हाताखालून गेल्याशिवाय कळत नाहीत.

प्रायमर पीसीआरचे नेहमीचे वीस अक्षरांचे चालत नाहीत, ३० ते ३५ अक्षरांचे लागतात. कारण तू वर वाचलंस तेच: प्रथिनाला ओळीने बसायला पुरेशी लांबी हवी. मधला तुकडा शंभर-दोनशे अक्षरांचा ठेव.

क्रिया मॅग्नेशियम पडताक्षणी सुरू होते, आणि मे महिन्यात तलावाकाठी हवाच ३३-३४ अंश असते. पहिल्या नळीत मॅग्नेशियम घालून आठव्या नळीपर्यंत पोचेस्तोवर पहिलीचं काम बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून मॅग्नेशियमचा थेंब प्रत्येक नळीच्या झाकणात ठेवायचा, झाकणं लावायची आणि सगळ्या नळ्या एकदम झटकून थेंब खाली आणायचा. मिश्रण काकवीसारखं दाट असतं, त्यात रेणू सहजी फिरत नाहीत. चार मिनिटांनी नळ्या काढून पुन्हा एकदा चांगल्या हलव. हे विसरलं तर कमी विषाणू असलेला नमुना हमखास खोटा 'नाही' म्हणतो.

निकाल जेलवर बघायचा असेल तर आधी शुद्ध करून घे. मी पहिल्यांदा नळीतला द्रव तसाच जेलवर घातला आणि खाचेपासून खालपर्यंत एक धूसर पट्टा दिसला, कारण प्रथिनं डीएनएला धरून बसलेली होती. तलावाकाठी मात्र पट्टीच बरी, प्रेग्नन्सी टेस्टसारखी: एक रेघ पट्टी ठीक असल्याची, दुसरी विषाणूची. पण पट्टीसाठी नळी उघडावी लागते, आणि त्या नळीत विषाणूच्या तुकड्याच्या कोट्यवधी नकला असतात. जिथे नमुने तयार करतेस तिथे ती कधीच उघडू नकोस. वेगळी खोली, निदान वेगळी पडवी, आणि पंखा बंद. एकदा हे तुकडे पिपेटवर बसले की पुढे साधं पाणीसुद्धा 'पॉझिटिव्ह' येतं. म्हणून प्रत्येक खेपेला एक नळी नुसत्या पाण्याची आणि एक खात्रीच्या पॉझिटिव्ह डीएनएची हवीच. यूव्हीएस-एक्स थोड्याफार चुकीच्या जुळणीलाही जागा देतं, पीसीआरइतकं काटेकोर नसतं. त्यामुळे पट्टीवर रेघ आली तर तो नमुना पीसीआरने पडताळून घे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय तुला फार लांब नाही, तिथल्या शिक्षकांशी बोल.

आणि आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते नमुन्याबद्दल. लोक पिशवीतली दहा पिल्लं उचलतात, चाचणी 'निगेटिव्ह' येते आणि लाखो बीज तलावात जातं. हिशोब करून बघ. शंभरातली पाच पिल्लं रोगी असतील, तर उचललेली दहाच्या दहा निरोगी निघण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे साठ टक्के. चाचणी कितीही उत्तम असली तरी दहातून सहा वेळा ती तुला चुकीचा धीर देईल. शंभरात दोन रोगी असतील आणि ते पंच्याण्णव टक्के खात्रीने पकडायचे असतील तर दीडशे पिल्लं लागतात. त्यांचे तीस-तीसचे पाच गट करून प्रत्येक गट एकत्र कुटला की पाचच नळ्यांत काम होतं. वेगवेगळ्या पिशव्यांतून घ्यायची, आणि अशक्त, तळाशी पडलेली आधी.

मोठी कोळंबी असेल तर पोटाखालचे पोहायचे पाय किंवा कल्ले घे. डोळे घेऊ नकोस, त्यातली द्रव्यं पीसीआर अडवतात. लगेच तपासणार नसशील तर ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडव, मांसाच्या दसपट अल्कोहोल हवं. फॉर्मेलिन चालणार नाही, त्याने डीएनए खराब होतो. बाटलीवर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत टाक, कारण बाहेर शाईने लिहिलेलं अल्कोहोलने पुसलं जातं. तारीख, तलावाचा क्रमांक, पिशवी क्रमांक, पाण्याची क्षारता.

काकांना एक गोष्ट तू आधीच स्पष्ट विचारून ठेव: चाचणी पॉझिटिव्ह आली तर ते बीज परत करणार किंवा नष्ट करणार का? पैसे भरून झालेले असतात, पिशव्या दारात असतात, तेव्हा तो निर्णय जड जातो. तो बीज मागवायच्या आधी, हॅचरीशी बोलतानाच ठरलेला हवा. आणि नष्ट करायचं ठरलं तर पिशवीतलं पाणी खाडीत सोडायचं नाही. टाकीत ब्लीचिंग पावडर घालून ते निकामी होऊ दे, मग सोड. त्याच खाडीचं पाणी शेजाऱ्याच्या तलावात भरतीबरोबर जातं.